मोतीरामचा आवाज

सूचना वाचून होत आल्या होत्या. नाताळच्या गाण्यांची तालीम, संडे स्कूलच्या पोरांचे कपडे, कांदा सफरचंदाच्या भावाला गेल्यामुळं या वर्षी प्रीतिभोजनात कोशिंबीर मिळणार नाही (इथं लोक हसले), आणि मग पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला. म्हणाले, "जानेवारीच्या वार्षिक सभेत पंचाची निवड आहे. नावं दोन आली आहेत. जयराम पगारे आणि छायाबाई उजागरे. या वर्षात प्रभूकडे गेलेले आपले बंधू मोतीराम उजागरे यांचा आवाज रीतीप्रमाणे त्यांच्या पत्नी देतील." एवढंच. बाजूच्या बाकावरच्या दोघीतिघींनी माना वळवून छायाकडं कौतुकानं बघितलं. मंडळीतल्या घरोघरी जाऊन तंटे सोडवणारा, धीराचं बोलणारा तो पंच; त्यासाठी बाईचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. आणि त्याच वेळी छायाच्या मागून, डाव्या खांद्याच्या जरासं वरून, कुणीतरी म्हटलं, "हं." तिनं वळून पाहिलं. मागच्या बाकावर एक पोरगी पेपरमिंट चघळत बसली होती, बाकी कोणी नव्हतं. तो "हं" तिला पक्का ओळखू येत होता. वीस-बावीस वर्षं तिनं तो रोज ऐकला होता, आणि तो म्हणणाऱ्या नवऱ्याला मे महिन्यात मातीत ठेवून आली होती.

रीत अशी, की या मंडळीत कागद नाही, चिठ्ठी नाही, हात वर करणं नाही. इतरांकडं इतर तऱ्हा. कुठं बिशप नेमतात, कुठं वरून पत्र येतं आणि लोकांनी टाळ्या तेवढ्या वाजवायच्या, तर नव्यानं निघालेल्या मंडळ्यांत पाळक स्वतःच राजा आणि स्वतःच प्रधान. आडगाव नाक्याच्या अलीकडच्या या छोट्या देवळात मात्र (जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत) ज्यानं त्यानं आपल्या जागी उभं राहून खणखणीत बोलायचं, "मी अमुक, माझा आवाज तमुकला." यालाच आवाज देणं म्हणत. आणि त्या सालात जो वारला, त्याचाही आवाज धरायचा. प्लेगच्या साली म्हणे निम्मी मंडळी गेली. पंच निवडायला बसले तर बाकं रिकामी. तेव्हा कोणीतरी उठून म्हणालं, पंच आपण निवडायचा की प्लेगनं? त्या वर्षापासून गेलेल्याच्या जवळच्या माणसानं त्याच्या जागी जाऊन उभं राहायचं, त्याचं नाव घेऊन, "मी" म्हणून, त्याला जे वाटलं असतं तेच बोलायचं. पाळक विचारतात, "हा त्यांचाच आवाज ना?" आवाज देणारा "हो" म्हणतो, आणि सगळी मंडळी "आमेन" म्हणते. आणखी एक रीत होती, ती निव्वळ सभ्यपणाची. ज्याचं नाव पंचासाठी आलं असेल त्यानं स्वतःचा आवाज समोरच्या उमेदवाराला द्यायचा. म्हणजे छायानं स्वतःच्या तोंडानं जयरामचं नाव घ्यायचं होतं, हे ठरलेलंच. तिला स्वतःचं नाव घ्यायची सोय होती ती एकाच तोंडानं, मोतीरामच्या.

आणि मोतीरामला काय वाटलं असतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? सिव्हिलमध्ये शेवटच्या आठवड्यात, नळी नाकात, ओठ सोललेले, तो म्हणाला होता, "मी गेल्यावर माझ्या जागी पंच म्हणून ते तुला विचारतील. तू नको. जयरामला कर." तिनं विचारलं, "का पण?" तर त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. बस्स, नवऱ्याचा निरोप म्हणावा तर तेवढाच. पोरीबद्दल नाही, घराबद्दल नाही, हिच्याबद्दल तर नाहीच नाही. त्या क्षणी तिला त्याचा इतका राग आला होता, की मोसंबीचा रस तिनं मोरीत ओतून दिला. मग मोरीपाशीच उभी राहून रडली. आता इकडं देवळात प्रार्थना सुरू झाली होती, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि तिला वाटत होतं, मागं वळावं आणि विचारावं, बाबा रे, एवढं तरी सांग, का पण?

घरी आल्यावर बरं वाटेल म्हणाली, तर कसलं काय. भाजी चिरताना "हं". केस विंचरताना "हं". मोतीरामचा डावा कान ओझरच्या कारखान्यात गेला होता. विमानाच्या पत्र्याला आयुष्यभर रिबिटा, म्हणजे जोडखिळे, ठोकल्या त्यानं, त्या ठोकायच्या बंदुकीच्या धडधडीनं. म्हणून घरात तो नेहमी उजवा कान स्वयंपाकघराकडं करून बसायचा. सकाळी दाढी करायला आरसा खिडकीत टेकवायचा आणि विचारायचा, "आज नवसाबाईच्या घरी जायचंय. तिचा नवरा परत प्यायला लागलाय. काय म्हणू?" आणि ती पोळ्या लाटता लाटता सांगायची. असं म्हणा. एवढं म्हणून थांबा, लगेच पुढं बोलू नका. त्याला उपदेश करू नका, त्याच्या हाताला काम द्या, देवळाचा दरवाजा घासून द्यायला सांगा. तो गालावर वस्तरा फिरवत म्हणायचा, "हं." आणि संध्याकाळी नवसाबाई देवळात सगळ्यांना सांगायची, काय बोलले हो मोतीरामभाऊ, दगडाला पाझर फुटेल. छाया तिथंच चपला शोधत उभी असायची. तिला तेव्हा वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मजा वाटायची. दोघांनी मिळून केलेली एखादी खोडी असावी आणि ती कोणालाच कळू नये, तशी. वाईट वाटायला सुरुवात झाली ती नंतर, निकिता कॉलेजात गेल्यावर, एकदा पोरगी सहज म्हणाली तेव्हा, "पप्पा बोलतात किती छान, नाही मम्मी? तू का नाही गं बोलत कधी?"

बोलायचं तर त्यालाही येत नव्हतं. हे जगात दोघींना ठाऊक होतं, तिला आणि तिच्या सासूला. चंद्रभागाबाई, म्हणजे सासू, स्वभावानं तिखट, पण बाई खरी. निकिता पाळण्यात होती तेव्हा मोतीरामचं नाव पंचासाठी पहिल्यांदा आलं. सासू त्या वेळी अंथरुणाला खिळलेली. छाया तिच्या डोक्याला तेल लावत होती, तेव्हा म्हातारी म्हणाली, "मोत्याला पंच करू नका गं. लोकांत उभा राहिला की माझ्या पोराची जीभ अडते. घाबरून घाबरून मरंल तो." हे बोलणं मोतीरामनं दारातून ऐकलं, छायानं त्याची सावली हलताना पाहिली. पुढच्या महिन्यात म्हातारी गेली, आणि सभेत आईचा आवाज द्यायला मोतीराम बायकांच्या बाकाशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मी चंद्रभागा, माझा आवाज मोतीरामला." पाळकांनी विचारलं, त्यांचाच आवाज ना? तो म्हणाला, हो. सगळ्यांबरोबर छायाही आमेन म्हणाली. कडेवर पोर होती, तिला थोपटत म्हणाली. त्या दिवशी तो जेवला नाही. कोट घालूनच बाजेवर बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघत त्यानं पहिल्यांदा विचारलं, "काय म्हणू?" पुढं आईच्या खोलीत तो कधी झोपला नाही. उन्हाळ्यात पत्रा तापून घराची भट्टी व्हायची, ती एकच खोली गार, तरी नाही. छायानं कारण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि त्या न बोलण्यावर त्यांचा सगळा संसार चांगला झाला. चांगलाच झाला, खोटं कशाला बोला.

म्हणजे आता मोकळीकच होती. ज्यानं स्वतःच्या आईच्या तोंडी खोटं घातलं, त्याच्या तोंडी आपण घातलं तर काय बिघडलं? शिवाय खोटं तरी कसं? त्याच्या तोंडून गेली वीस वर्षं बोललं कोण? मोतीरामचा आवाज मोतीरामचा होताच कधी? बालवाडीच्या नोकरीत पोरांच्या डब्यांची झाकणं उघडून देताना छाया हे सगळं मनात मांडून बघायची आणि तिला पटायचं. आणि मग घरी येऊन ती बंद खोली दिसली की पटलेलं सगळं ओघळून जायचं. हा वकिली कावा झाला, तिला वाटायचं. त्या खोलीत न झोपलेला माणूस तिनं जवळून बघितला होता. रात्र रात्र कुशी बदलणारा. त्याला काय झालं ते तिला ठाऊक होतं. पण पंच व्हायचंही होतं, अगदी मनापासून व्हायचं होतं. या वयात ही हाव कुठून आली म्हणून ती स्वतःलाच हसायची. एकदा तरी कुणाच्या तरी घरात जाऊन, समोर बसून, आपलं आपण बोलावं. बोलून झाल्यावर त्या माणसाचं तोंड कसं होतं, ते बघावं. तेवढं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिच्यापर्यंत यायचा तो नेहमी दुसऱ्याच्या तोंडचा वृत्तांत.

नाताळ झाल्यावर जयराम आला. सातपूरला त्याचं छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ मशिनी, नखांत कायमचं ऑइल. मोतीरामचा जिवाभावाचा मित्र, आणि माणूस असा गरीब, की रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं तरी थँक्यू म्हणेल. "सलाम वहिनी," म्हणत तो दारातच उभा राहिला. "मी नाव मागं घेऊ का?"

"का म्हणून?"

"तुम्हाला जमेल. मला काय येतंय? मला आपलं मशीन कळतं."

"मग नाव कशाला दिलंत?"

जयरामनं खाली बघितलं. "मोतीरामभाऊंनी वचन घेतलं होतं. दवाखान्यात. म्हणाले, छायाला यात पडू देऊ नको."

छायानं कपात चहा ओतला, तो बशीत सांडला. "आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. रडले." तो घाईघाईनं उठला. "घेऊ का वहिनी मागं?"

"घेऊ नका. दोन नावं नसतील तर निवड कसली?" ती म्हणाली, आणि तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य तिनं त्याला असं दिलं होतं, जसं पूर्वी खिडकीकडं द्यायची. मागून "हं" आलं. या वेळी ती दचकली नाही. उलट तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून भीती वाटली.

सभेच्या दिवशी थंडी मी म्हणत होती. देवळाच्या फरशीवर बायकांनी पायांखाली शाली घेतल्या होत्या. एकेक जण उठत होता, नाव घेत होता, बसत होता. लासलगावहून खास आलेले एक म्हातारे उठले आणि कोणाला आवाज द्यायचा तेच विसरले, शेजाऱ्यानं आठवण करून दिली तर त्यालाच दटावून बसले, तेव्हा जरा हशा झाला. जयराम उठून म्हणाला, "मी जयराम, माझा आवाज छायावहिनींना." छाया उठून म्हणाली, "मी छाया, माझा आवाज जयरामभाऊंना." पाळकसाहेब बोटांवर मोजत होते, आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा बदलला. दोन्हीकडं सारखेच झाले होते. राहिला होता एकच आवाज. सगळं देऊळ तिच्याकडं वळलं, आणि ती उठून मधल्या वाटेनं पुरुषांच्या बाजूला गेली.

तिसऱ्या बाकाचं टोक. उजवा कान वेदीकडं यावा म्हणून त्यानं ही जागा धरली होती. ती त्याच्या जागी, तो वळायचा तशीच वळून, उभी राहिली, आणि तिथून तिला देऊळ वेगळंच दिसलं. बायकांची बाजू समोर पसरलेली, आणि तिची स्वतःची जागा, आता रिकामी, बरोब्बर नजरेच्या रेषेत. म्हणजे हा बोलायला उभा राहायचा तेव्हा समोर मला बघायचा. दर वेळी. प्रत्येक वाक्याला. आणि एकदम, अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं, तिला ते कळलं, जे दवाखान्यात विचारून कळलं नव्हतं. मी पंच झाले असते, लोकांत उभी राहून बोलायला लागले असते, तर पहिल्याच वाक्याला सगळ्यांनी ओळखलं असतं, हे बोलणं मूळचं कुणाचं ते. नवसाबाईनं ओळखलं असतं, निकितानं ओळखलं असतं. मेल्यावर उघडं पडायची भीती होती रे तुला. म्हणून रडलास. एवढंच होतं होय! मला का नाही सांगितलंस, मूर्खा? तिला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली.

"छायाबाई," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले.

तोंडात तिचं स्वतःचं नाव तयार होतं. अगदी जिभेच्या टोकाशी. त्याचं नाव घ्यायचं आणि लगेच आपलं. लग्नात याच देवळात वचन देताना तेवढी दोन नावं एकत्र उच्चारली गेली होती. त्यानंतर ना तिनं त्याचं घेतलं, ना त्यानं तिचं. तो आपला "अगं" नाहीतर "निकूची आई". एक शब्द, आणि सगळं तिचं झालं असतं. मंडळी आमेनही म्हणाली असती, ती नेहमीच म्हणते. पण तिला तो बाजेवर कोट घालून बसलेला दिसत होता.

"मी मोतीराम," ती म्हणाली, आणि थांबली. "माझा आवाज जयरामला."

"हा त्यांचाच आवाज ना?"

"हो. त्यांचाच."

आमेन झालं. कुणीतरी बायकांच्या बाजूला चक् केलं. ती आपल्या जागी येऊन बसली, आणि गाणं सुरू झालं तेव्हा तिनं मागं कान दिला. काही नव्हतं. घरी आल्यावर, भाजी चिरताना, केस विंचरताना, काही नव्हतं. त्याला हवं ते मिळालं होतं, तो आता कशाला येईल? छाया त्या दिवशी दिवा न लावता स्वयंपाकघरात बसून राहिली. पद गेल्याचं दुःख होतंच, ते ती नाकारत नव्हती. पण हे शांतपण त्याहून वाईट होतं. खरं बोलून माणूस इतकं एकटं पडतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका सकाळी दारात जयराम. नवा पंच. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. "वहिनी, नवसाबाईंकडं जायचंय. दोन्ही पोरांनी अबोला धरलाय. एका घरात राहतात, मधे पडदा लावलाय, आणि ह्याचा निरोप त्याला, त्याचा ह्याला, मधे म्हातारी पळतेय." त्यानं हातातला रुमाल पिळला. "काय म्हणू?"

तिच्या हातात लाटणं होतं. आणि काय सांगावं, तोंडातून आपोआप यायलाही लागलं. भांडण मिटवा म्हणू नका. उलट म्हणा, भांडा. एवढं म्हणून थांबा. जयराम मान हलवत ऐकत होता, ओठांनी पाठ करत होता. ती मधेच गप्प झाली. आपण जिवंत आहोत, तिच्या मनात आलं, आणि हा माणूस माझा आवाज घेऊन चाललाय. "थांबा," ती म्हणाली, "चप्पल घालते."

नवसाबाईच्या घरात खरंच पडदा होता, जुन्या पातळाचा. पोरं दोन बाजूंना, तोंडं फुगवून, आणि म्हातारी मधे स्टुलावर. जयराम उभा राहिला. म्हणाला, "भांडण मिटवा असं मी म्हणत नाही. उलट भांडा." आणि थांबला. थांबला तो थांबलाच. रुमाल हातातून सुटला, आणि त्यानं उघड उघड, सगळ्यांसमोर, तिच्याकडं बघितलं. मोतीरामनं वीस वर्षांत एकदाही असं कोणाला कळेलसं बघितलं नव्हतं. खोलीत सगळे वाट बघत होते. छाया उठली.

"भांडा," ती म्हणाली. "पण समोर बसून भांडा. तुमची आई काय टेलिफोन आहे का रे, ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला पोचवायला? तिला बाजूला बसू द्या आधी. मग काय शिव्या द्यायच्या त्या तोंडावर द्या." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. पातळ होता, शेवटी जरा चिरकत होता. स्वयंपाकघरात तिला तो कधी असा वाटला नव्हता. धाकट्यानं हात वर केला आणि पडद्याची दोरी सोडली, की तुटली, कोण जाणे. थोरला खाली बघत होता. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, अगदी नीट बघितलं, हनुवटी कशी थरथरत होती ते.

नवसाबाई मात्र पोरांकडं बघत नव्हती. ती छायाकडं टक लावून बघत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "आमचे हे प्यायचे तेव्हा मोतीरामभाऊ इथंच बसून असंच बोलले होते. अस्संच. हुबेहूब मोतीरामभाऊंचं बोलणं गं हे!"

जयराम गडबडीनं म्हणाला, "हो ना, वहिनींनी त्यांच्याकडूनच तर..."

"नाही," छाया म्हणाली. "माझं आहे ते. तेव्हाचंही माझंच होतं."

आणि ती खाली बसली.